सीडीआर काढा

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांचा खून करण्यात आला. त्यानंतरच्या हिवाळ्यात बीड जिल्ह्यात मोर्चे निघाले. मोर्च्यांत, पत्रकार परिषदांत, टपरीवरच्या चहाबरोबर एक मागणी सारखी ऐकू येत होती : अमक्याचा सीडीआर काढा, तमक्याचा सीडीआर तपासा. एरवी पोलीस ठाणं आणि कोर्ट यांच्याबाहेर फारसा न येणारा हा शब्द वडवणीपासून आष्टीपर्यंत लोकांच्या तोंडी बसला. कोण कुणाशी किती वाजता बोललं आणि तेव्हा फोन कुठल्या टॉवरखाली होता एवढं कळलं, तरी खरं बाहेर येईल, असा लोकांचा विश्वास होता. तो अनाठायी नव्हता. आजच्या बहुतेक गंभीर गुन्ह्यांचा तपास याच कागदापासून सुरू होतो.

पण दुसऱ्याचा सीडीआर काढा म्हणणाऱ्या प्रत्येकाचाही एक सीडीआर असतो. तो आत्ताही वाढतो आहे. तो कुठे ठेवलेला आहे आणि कोण उघडू शकतं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

सीडीआर म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड. त्यात बोलणं नसतं. फोन करणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ, बोलण्याचा कालावधी, हँडसेटचा आयएमईआय क्रमांक, सिमकार्डाचा स्वतःचा आयएमएसआय क्रमांक, आणि कॉल सुरू होताना व संपताना फोन ज्या टॉवरशी जोडलेला होता त्या टॉवरचा सेल आयडी, एवढं त्यात असतं. एसएमएसचीही नोंद असते, मजकूर सोडून. व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल या यादीत येत नाही. इंटरनेट वापराची नोंद आयपीडीआर नावाच्या वेगळ्या तक्त्यात पडते. सिम बदललं तरी आयएमईआय तोच राहतो, आणि हँडसेट बदलला तरी नंबर तोच राहतो. त्यामुळे एक धागा तोडला तरी दुसरा हातात राहतो.

टॉवरवरून जागा किती नेमकी कळते, याबद्दल मोठे गैरसमज आहेत. मुंबई-पुण्यात टॉवर दाटीने असतात, तिथे काहीशे मीटरपर्यंत अंदाज बांधता येतो. बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगररांगा आहेत, वस्त्या विखुरलेल्या आहेत. एक टॉवर कित्येक किलोमीटरचा परिसर सांभाळतो आणि मध्ये डोंगर आला की फोन भलत्याच टॉवरला जाऊन लागतो. ‘त्याचं लोकेशन तिथलंच दाखवतंय’ हे वाक्य गावात पुरावा म्हणून फेकलं जातं, तेव्हा त्या ‘तिथे’मध्ये शेजारची दोन-तीन गावंही बसत असतात. तपासात ‘टॉवर डंप’ही मागवला जातो, म्हणजे अमुक वेळेत त्या टॉवरखाली जेवढे फोन होते त्या सगळ्यांची यादी. संशयित एक असतो, यादीत मात्र त्या वेळी शेतात पाणी धरणारा, एसटीतून जाणारी, दवाखान्यात बसलेली अशी सगळी माणसं येतात. त्यांना ते कधीच कळत नाही.

एका नोंदीतून फारसं कळत नाही, हजार नोंदींतून मात्र आयुष्य उभं राहतं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात आणि त्यांत वडवणी तालुक्यातल्या टोळ्या मोठ्या संख्येने असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात आणि पुढचे पाच-सहा महिने ही कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाच्या कडेला कोप्यांत राहतात. अशा एका मजुराच्या फोनची वर्षाची नोंद समोर धरली, तर तो कोणत्या आठवड्यात निघाला, वाटेत कुठे थांबला, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत होता, दररोज रात्री गावाकडच्या कोणत्या नंबरवर बोलत होता, ते सगळं ओळीने दिसेल. म्हातारे आईवडील आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुलं कुठे आहेत, हे त्या रात्रीच्या कॉलवरून समजेल. मध्येच चार दिवस नोंद हलली आणि रुग्णालयाच्या नंबरवर कॉल गेले, तर आजारपणही समजेल. एक शब्दही न ऐकता.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जून २०१८ रोजी कार्पेंटर खटल्यात हाच मुद्दा मान्य केला. दरोड्याच्या तपासात एका माणसाच्या फोनच्या १२७ दिवसांतल्या १२,८९८ जागा पोलिसांनी कंपनीकडून मिळवल्या होत्या. न्यायाधीशांच्या वॉरंटशिवाय एवढी माहिती घेता येणार नाही, असं न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं.

आपल्याकडे कायद्याची रचना उलटी आहे, आणि मला ती पटत नाही. बोलणं चोरून ऐकायचं असेल तर कुलूप भक्कम आहे. पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. फोन टॅपिंगचा आदेश गृहसचिवाच्या पातळीवरूनच निघावा, त्याला मुदत असावी आणि त्याची पुनर्तपासणी समितीने करावी, असं बंधन त्या निकालाने घातलं. हे बंधन नुसतं कागदावर राहिलेलं नाही. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार खटल्यात २००९ आणि २०१० मधले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि त्यातून मिळालेली ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. सार्वजनिक आणीबाणी नव्हती, लोकांच्या सुरक्षेला धोका नव्हता, मग लाचेच्या प्रकरणासाठी फोन ऐकता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

सीडीआरला मात्र असा गृहसचिव नाही आणि न्यायाधीशही नाही. फौजदारी प्रक्रियेतल्या ‘कागदपत्र हजर करा’ या साध्या अधिकारावर, म्हणजे आधीच्या संहितेतलं कलम ९१ आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतलं कलम ९४ यांच्या आधारे, पोलीस कंपनीला पत्र पाठवतात. २०१३ मध्ये तेव्हाचे राज्यसभेतले विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचा सीडीआर मिळवण्याचा प्रयत्न उघडकीला आला आणि दिल्ली पोलीस दलातल्या एका शिपायाला अटक झाली. त्यानंतर ही मागणी पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच जावी, असं केंद्राने ठरवलं. तरीही २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने सीडीआर विकणारी साखळी शोधून काढली आणि खासगी गुप्तहेरांना अटक केली. गिऱ्हाईक कोण असतात, हे या प्रकरणाने महाराष्ट्राला पहिल्यांदा नीट दाखवलं : जोडीदारावर संशय असलेले नवरे-बायका, धंद्यातले प्रतिस्पर्धी, वसुलीवाले.

या नोंदी कंपन्यांनी किमान एक वर्ष ठेवाव्यात असा नियम होता. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने तो काळ दोन वर्षांवर नेला. मुदत वाढवण्याला कारण असू शकतं. गुन्हे उशिरा उघडकीला येतात आणि खटले रेंगाळतात. निवडणुकीच्या एका खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिलेल्या निकालातही ही काळजी दिसते. जालना मतदारसंघात २०१४ मध्ये खोतकर २९६ मतांनी निवडून आले होते. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरून ठरवायचं होतं. चित्रणाच्या सीडी होत्या, पण त्या खऱ्या असल्याचं प्रमाणपत्र द्यायला अधिकारी तयार नव्हते. असं प्रमाणपत्र आवश्यकच आहे असं न्यायालयाने ठरवलं. जाता जाता मोबाईल कंपन्यांनाही बजावलं, की तपासात एखादा सीडीआर ताब्यात घेतला गेला असेल, तर त्या काळातल्या मूळ नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवा. मराठवाड्यातल्या एका मतदारसंघाच्या वादातून देशभरच्या डिजिटल पुराव्याचा नियम पक्का झाला. या नियमाचा गाभा असा, की नोंदीखाली एका जबाबदार माणसाची सही असली पाहिजे. पुरावा कोर्टात नेताना आपण ही सही मागतो. तीच नोंद कोर्टाच्या वाटेआधी कुणी कुणी उघडून पाहिली, याची सही मात्र कुणीच मागत नाही.

इथवर कंपनी आणि पोलीस यांच्याबद्दल झालं. वडवणीसारख्या ठिकाणी फोनच्या नोंदीचे अधिक जवळचे मालकही असतात. सिम कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न शहरात कुणी विचारत नाही. ग्रामीण भागात कितीतरी बायकांच्या हातातलं सिम नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा दिराच्या नावावर असतं. आधार कार्ड त्याचं, अंगठा त्याचा, म्हणून ग्राहक तो. कंपनीच्या लेखी त्या नंबरची नोंद त्याची. ती माहेरी किती वेळ बोलली, आशाताईंना किती वेळा फोन केला, हे तो कंपनीच्या ॲपवर पाहू शकतो. ओटीपीसाठी फोन हातात यायला हवा, तो रात्री येतोच. कायद्याच्या भाषेत माहिती ज्या व्यक्तीविषयी आहे तिची असते. कंपनीच्या वहीत ती ज्याच्या नावावर सिम आहे त्याची असते. या दोहोंच्या मधल्या फटीत लाखो बायका आहेत.

ऊसतोडीच्या टोळीत तर दोन माणसांचा मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि फोनही पुष्कळदा कोयत्यामागे एकच असतो. मुकादमाकडे टोळीतल्या सगळ्यांचे नंबर असतातच, अनेकदा आधारच्या झेरॉक्सही असतात. उचल फिटली नाही म्हणून मजुराला शोधायचं असेल, तेव्हा या कागदांचा उपयोग कसा होतो ते त्या भागातल्या कुणालाही विचारावं. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येतं आणि अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करता येते. एका ओळखपत्रावर साधारणपणे नऊच सिम घेता येतात. फडावर निघण्याआधी प्रत्येकाने ही तपासणी एकदा करून घ्यावी, असं मला फार वाटतं. भलत्याने घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला, तर पोलीस आधी आधारवाल्याच्या दारात येतात.

घरातल्या घरात नोंद पाहण्याबद्दल कायद्याचं उत्तर सरळ नाही. महाराष्ट्रात माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याने २०११ मध्ये एका तक्रारीचा निकाल दिला. हुंडाछळाचा पुरावा मिळवायला एका सुनेने नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या ईमेल खात्यात परवानगीशिवाय प्रवेश केला होता. अधिकाऱ्याने तिने कायदा मोडल्याचं मान्य केलं. पण मिळालेली माहिती तिने पोलीस आणि न्यायालय यांच्यापलीकडे कुठेही नेलेली नव्हती, हे लक्षात घेऊन दंड ठेवला शंभर रुपये. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. माहिती कुणी उघडली याबरोबरच ती पुढे कुठे नेली, याचाही त्याने विचार केला. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढचं पाऊल टाकलं. भटिंड्याच्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात नवऱ्याने बायकोचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. ते पुरावा म्हणून चालेल, असं न्यायालय म्हणालं. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले, तर ते लग्न आधीच मोडलेलं असतं, असा विचार त्यामागे होता. ज्या घरात फोन एकाच्याच ताब्यात असतो, तिथे पाळतही एकच जण ठेवू शकतो. हे त्या विचारात बसत नाही.

आता क्लाउडकडे वळू. नाव ढगाचं असलं, तरी ही साठवण कुठल्यातरी देशातल्या इमारतीत, संगणकांच्या रांगांमध्ये असते. फोनमधला फोटो रात्री वायफायवर तिकडे जातो तेव्हा तो वाटेत आणि तिथेही सांकेतिक रूपात असतो. पण ते उलगडायची किल्ली बहुतेक वेळा कंपनीजवळच राहते. व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून दोन टोकांच्या मध्ये कुणालाच वाचता येत नाहीत. त्यांचा बॅकअप मात्र गूगल ड्राइव्हवर जातो, आणि त्याला वेगळं कुलूप लावायची सोय २०२१ मध्ये आली. ती आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. बहुतेकांनी केलेली नसते.

किल्ली कंपनीकडे असण्याचा अर्थ काय, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाला २०२१ मध्ये कळलं. आजारी बाळाच्या गुप्तांगाला सूज आली होती. डॉक्टरांना दाखवायला काढलेला फोटो आपोआप क्लाउडवर गेला. यंत्राने तो बाललैंगिक शोषणाचा ठरवला, खातं बंद झालं आणि पोलिसांत चौकशी सुरू झाली. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं, तरी कंपनीने खातं परत दिलं नाही. २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जवळपास तसंच प्रकरण आलं. एका अभियंत्याने स्वतःच्याच लहानपणीचा, आजी त्याला अंघोळ घालत असतानाचा फोटो ड्राइव्हवर ठेवला होता. खातं बंद झालं, त्याबरोबर ईमेल गेला आणि त्यावर अवलंबून असलेला व्यवसाय अडकला. आजीने नातवाला अंघोळ घातल्याचा फोटो आपल्याकडे घरोघर असतो.

वडवणीत क्लाउडची खरी गोम याहून साध्या जागी आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये आली. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी बंधनकारक झालं आणि त्यात लाभार्थी बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागू लागला. त्याआधी एक रुपयाच्या पीकविम्यासाठी सातबारा आणि पासबुक, ऊसतोड कामगारांच्या नोंदणीसाठी पुन्हा आधार. हे सगळं बायका आणि शेतकरी कुठे करतात? सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात. ‘ताई, फोटो काढून व्हॉट्सॲप करा, मी भरतो’ असं चालक म्हणतो. त्याचा हेतू चांगला असतो आणि त्याच्याविना अर्ज भरला जात नाही. पण ते फोटो त्याच्या फोनच्या गॅलरीत उतरतात, आणि बॅकअप चालू असेल तर तिथून त्याच्या खासगी गूगल खात्यात. अर्ध्या गावाचे आधार, पासबुकं, सह्या, ओटीपी आलेले नंबर एका माणसाच्या फुकटच्या पंधरा जीबीत साठतात. पासवर्ड कदाचित त्याच्या मुलाचं नाव आणि जन्मसाल. तो फोन विकला, दुरुस्तीला दिला की पुढे काय? हाँगकाँगच्या एका सिनेनटाने लॅपटॉप दुरुस्तीला दिला आणि २००८ मध्ये त्यातले अनेक स्त्रियांचे खासगी फोटो जगभर पसरले. दुरुस्ती करणाऱ्याला पुढच्या वर्षी साडेआठ महिन्यांची कैद झाली. फोटो मात्र परत आले नाहीत. काम झाल्यावर चालकाकडून आपल्या कागदांचे फोटो गॅलरीतून आणि ‘ट्रॅश’मधून समोरच पुसून घ्यावेत. हे मागायला कुणाला संकोच वाटू नये.

पुन्हा मस्साजोगकडे यावं लागतं. खुनाच्या तपासात मारहाणीचे फोटो आणि व्हिडिओ मिळाले आणि ते दोषारोपपत्राचा भाग झाले. ३ मार्च २०२५ रोजी ते फोटो वाहिन्यांवर आले आणि काही तासांत जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर पोचले. दुसऱ्या दिवशी राज्यातल्या एका मंत्र्याचा राजीनामा झाला. त्या फोटोंनी लोकांचा संताप जागा केला आणि तपासावर लोकांची नजर ठेवली, हे मला पूर्ण मान्य आहे. पण देशमुखांच्या मुलांनी, पत्नीने, आईने ते कुठल्यातरी ग्रुपवर पाहावेत, असं कुठल्याही न्यायात बसत नाही.

याला वाट आहे. केरळमधल्या एका अभिनेत्रीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात आरोपीने मेमरी कार्डाची प्रत मागितली होती. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपीला ते पाहता येईल, तज्ज्ञाकडून तपासून घेता येईल, पण प्रत मिळणार नाही, कारण तिथे पीडितेचं खासगीपण पणाला लागलं आहे. या प्रकरणाचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. कुठल्याही डिजिटल फाइलवर गणिती प्रक्रिया करून एक लांब क्रमांक काढता येतो, त्याला हॅश व्हॅल्यू म्हणतात. आतला एक ठिपका जरी बदलला, तरी क्रमांक पार बदलतो. त्या कार्डाची हॅश व्हॅल्यू बदललेली निघाली. ते न्यायालयाच्याच ताब्यात असताना उघडलं गेलं होतं, आणि उच्च न्यायालयाला चौकशी लावावी लागली. क्रमांकाने उघडल्याची चुगली केली म्हणून हे कळलं तरी. १ जुलै २०२४ पासूनच्या साक्ष अधिनियमाने डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू लिहिणं सक्तीचं केलं, ही अलीकडच्या कायद्यांतली मला सर्वांत मोलाची वाटलेली ओळ आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर उभा असलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातली मुख्य कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. या नियमांत मला हवी असलेली गोष्ट आहे : माहिती कुणी पाहिली याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्या किमान एक वर्ष जपायच्या. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला विलंब न करता कळवायचं. आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीबद्दलचे हक्क कुणी वापरावेत, त्यासाठी माणूस नेमायची सोयही आहे. गुन्ह्याच्या तपासाला कायद्याने बऱ्याच अटींतून मोकळं केलं आहे, पण माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तिथेही ठेवली आहे. म्हणजे पोलीस ठाण्यातल्या सीडीआरच्या फोल्डरलाही ती लागू पडते. ज्या सरकारी यंत्रणांना केंद्र अधिसूचना काढून पूर्ण सूट देईल, त्यांना मात्र तीही नाही.

आणखी एक बदल फारसा चर्चेत आला नाही. माहिती सुरक्षित न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ अ खाली, संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते आणि त्यासाठी मंत्रालयातल्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे अर्ज करता येतो. नव्या कायद्याची मुख्य कलमं लागू होताच हे कलम निघून जाणार आहे. ज्या बाईचा आधार आणि पासबुक कुणाच्यातरी ड्राइव्हवरून फुटलं, तिला नव्या व्यवस्थेत तक्रार करता येईल, दोषी ठरलेल्याला दंड झालेला पाहता येईल. तिच्या खात्यातून गेलेले लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये मात्र तिने कुणाकडे मागायचे, याचं कलम या कायद्यात नाही.